विसरणं, खचणं आणि गोंधळणं: घरातल्या ज्येष्ठांमधला बदल टप्प्याटप्प्याने कसा तपासावा

मावशीला पहिल्यांदा मेमरी क्लिनिकमध्ये नेलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न अगदी साधा होता: "कधीपासून?" खोलीत आम्ही चौघं होतो आणि उत्तरंही चार आली. मामा म्हणाला, तीन वर्षं. तिची मुलगी म्हणाली, बाबा गेल्यापासून. मी म्हणाले, सहाएक महिने. आणि मावशी म्हणाली, "मला कुठे काय झालंय?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि दोन आठवड्यांनी परत यायला सांगितलं, येताना एक वही भरून.

त्या वहीत काय लिहायचं, ते का लिहायचं आणि पुढे तिचं काय करायचं, हे आम्हाला चुकतमाकत कळत गेलं. तेच इथे क्रमाने मांडते आहे. निदान डॉक्टरच करतील. पण ज्या माहितीवर ते निदान उभं राहतं, तिच्यातला मोठा वाटा घरातूनच जातो.

आधी एक गोष्ट पक्की करू. "साठी बुद्धी नाठी" म्हणून आपण जे हसण्यावारी नेतो, त्याखाली तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. पहिली स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया. हा महिन्या-वर्षांच्या गतीने वाढत जातो आणि अल्झायमर हे त्याचं सर्वाधिक आढळणारं कारण आहे. दुसरी नैराश्य. तिसरी डेलिरियम, म्हणजे काही तासांत किंवा दिवसांत उसळणारा गोंधळ. तिन्हींत माणूस विसरतो, चुकतो, गप्प होतो. शिवाय एकाच माणसात दोन किंवा तिन्ही एकत्रही असू शकतात, आणि खरी पंचाईत तिथेच होते.

पहिली पायरी: हे आजच्या आज दाखवायचं आहे का?

कालपर्यंत बरा असलेला माणूस आज बरळतोय, रात्री उठून भलतंच बोलतोय, मध्येच शुद्धीवर असल्यासारखा नीट बोलतो आणि तासाभराने पुन्हा हरवतो. असं असेल तर वही बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. डेलिरियम ओळखण्यासाठी शॅरन इनूय आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तयार केलेली पद्धत आजही जगभर वापरली जाते. तिच्यात चार गोष्टी पाहतात: बदल अचानक झाला आणि तो कमी-जास्त होतोय का, लक्ष टिकतं का, बोलण्यात संगती आहे का, आणि जागेपणाची पातळी बदलली आहे का. पहिल्या दोन हव्यातच, आणि उरलेल्या दोनपैकी निदान एक.

लक्ष टिकतं का, याचा अंदाज घरीही येतो. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या टप्प्यातला माणूस बहुधा ते म्हणू शकतो. डेलिरियममधला "रविवार, शनिवार..." म्हणून खिडकीकडे बघत बसतो आणि आपण काय विचारलं होतं तेच त्याच्या ध्यानात राहत नाही.

कारणं पुष्कळदा मेंदूच्या बाहेरची असतात: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, साखर घसरणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठता, नवीन सुरू झालेलं औषध, रोजची दारू अचानक थांबणं. डोक्याला मार लागला असेल, अगदी किरकोळ वाटला असला आणि त्याला काही आठवडे उलटले असले, तरी डॉक्टरांना सांगा. वयस्कर माणसात कवटीच्या आत रक्त सावकाश साचत जाऊ शकतं.

डेलिरियमचा एक शांत प्रकारही असतो. त्यात माणूस आरडाओरडा करत नाही, नुसता पडून राहतो, खात नाही, बोलत नाही. घरच्यांना वाटतं, खचलाय बिचारा. हाच प्रकार सगळ्यात जास्त निसटतो. म्हणून "दोन दिवसांत एकदम गप्प झाले" आणि "दोन महिन्यांत हळूहळू गप्प झाले" यांतला फरक नीट लक्षात ठेवा. एका बाजूने चेहरा किंवा हात लुळा पडला असेल, बोलणं अडखळत असेल, तर तो पक्षाघात समजूनच धावपळ करायची.

दुसरी पायरी: दोन आठवड्यांची वही

घाई नसेल तर वही. "आई विसरते" या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. आमच्या वहीतली ही एक नोंद बघा:

"मंगळवार, सकाळी ११. विजेचं बिल भरलं का, असं वीस मिनिटांत तीनदा विचारलं. पावती दाखवली तर 'अगं हो की' म्हणाली. दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. चिडलेली नव्हती, हसत होती. रात्री झोप चांगली झाली होती."

आणि ही तिसऱ्या दिवसाची:

"गुरुवार, दुपारी ४. शेजारच्या काकू आल्या, तर आतून बाहेर आलीच नाही. 'कशाला, मला काही बोलायला सुचत नाही' म्हणाली. पहाटे साडेतीनपासून जागी. जेवण अर्धंच."

पहिली नोंद स्मृतीबद्दल आहे आणि दुसरी मनाबद्दल. दोन्ही एकाच बाईच्या, एकाच आठवड्यातल्या. नोंदीत एवढं असावं: दिवस आणि वेळ, नेमकं काय घडलं, कोणी पाहिलं, आठवण करून दिल्यावर काय झालं, आधीची झोप कशी होती. यातली "आठवण करून दिल्यावर काय झालं" ही जागा सोनं आहे, तिच्याकडे पुढे येते.

जे अजून उत्तम जमतं तेही लिहा. ते आम्ही पहिल्या आठवड्यात लिहिलं नव्हतं. वहीभर नुसत्या चुका बघून मावशीची मुलगी हबकून गेली.

वहीच्या शेवटच्या पानावर एक तुलना हवी: दहा वर्षांपूर्वी हा माणूस कसा होता आणि आज कसा आहे. ही कल्पना अँथनी जॉर्म यांच्या १९८९ च्या प्रश्नावलीतली आहे. तिची उत्तरं रुग्ण देत नाही, त्याला जवळून ओळखणारी व्यक्ती देते. यात शिक्षणाचा अडसर येत नाही, कारण तुलना माणसाची त्याच्या स्वतःशीच असते. त्याआधी १९८२ मध्ये फेफर आणि सहकाऱ्यांनी रोजच्या जगण्यातली दहा कामं तपासणारी यादी केली होती: पैशांचा हिशेब, कागदपत्रं, खरेदी, औषधं आणि भेटीगाठी लक्षात ठेवणं, एकट्याने प्रवास, टीव्हीवर काय चाललंय ते कळणं वगैरे. अशी यादी भरताना एक चूक हमखास होते. ज्या आजोबांनी आयुष्यात कधी चहासुद्धा केला नाही, त्यांच्यापुढे "करता येत नाही" असं लिहिलं जातं. "आधी करत होते, आता सुटलं" एवढ्याच गोष्टींना अर्थ आहे.

स्मृतिभ्रंश आणि वयापरत्वे येणारा विसराळूपणा यांच्यातली सीमारेषा इथेच आखली जाते. चाचणीत गुण कमी आहेत, पण रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः सांभाळता येतात, या मधल्या अवस्थेला डॉक्टर एमसीआय म्हणतात. एमसीआय असलेले सगळेच पुढे स्मृतिभ्रंशाकडे जात नाहीत. काही वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काहींचे गुण पुन्हा सुधारतातही.

तिसरी पायरी: कान, डोळे आणि औषधांची पिशवी

जे ऐकूच आलं नाही ते आठवणार कुठून? कानात मळ साचलाय का, श्रवणयंत्राची बॅटरी चालू आहे का, चष्म्याचा नंबर कधी तपासला, हे आधी बघा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अचीव्ह या श्रवणयंत्रांवरच्या संशोधन-चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांना घेतलं होतं. तीन वर्षांनी सरसकट सगळ्यांत श्रवणयंत्राचा फायदा दिसला नाही. पण ज्यांना धोका आधीपासूनच जास्त होता, त्या गटात स्मृती आणि आकलनाची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. बातम्यांमध्ये यातलं दुसरं वाक्यच ठळक छापलं गेलं. तुम्ही दोन्ही लक्षात ठेवा.

मग घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. डॉक्टरांनी दिलेली, दुकानातून परस्पर आणलेली, शेजाऱ्याने सुचवलेली, जुन्या चिठ्ठीवरची, सगळी. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेली काही औषधं, अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी जुनी नैराश्यरोधकं, झोपेच्या गोळ्या यांनी वयस्कर मेंदूवर मळभ येतं. यांतल्या काही मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाचं काम अडवतात, आणि अल्झायमरमध्ये नेमकं तेच आधी तुटपुंजं झालेलं असतं. पण पिशवी भरायची ती दाखवायला. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. झोपेची गोळी अचानक थांबवली तर उलट झटके येऊ शकतात.

चौथी पायरी: मनाची चौकशी

"तुम्हाला वाईट वाटतंय का?" असं विचारलंत तर उत्तर येईल, "छे, मला काय झालंय." म्हातारपणातलं नैराश्य रडताना क्वचितच दिसतं. कुठेतरी दुखतंय, पोट साफ नाही, पहाटे जाग येते, कशातच मन लागत नाही, चिडचिड होते, "मी आता तुमच्यावर ओझं झालोय" या वाटांनी ते बाहेर येतं.

स्टॅनफर्डच्या जेरोम येसाव्हेज यांनी सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये ज्येष्ठांसाठी नैराश्याची खास प्रश्नावली मांडली. तिच्यात ३० प्रश्न होते, सगळे हो-नाहीचे. १९८६ मध्ये तिची १५ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. झोप, भूक, वजन हे प्रश्न त्यांनी मुद्दाम टाळले, कारण उतारवयात ते इतर आजारांमुळेही बिघडतात. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. पण माणूस स्वतःबद्दल नीट सांगण्याच्या पलीकडे गेला असेल, तर ही प्रश्नावली तोकडी पडते. त्यासाठी १९८८ ची कॉर्नेल मोजपट्टी आहे. तिच्यात १९ मुद्दे आहेत आणि ती रुग्ण आणि सांभाळणारी व्यक्ती, दोघांशी बोलून भरतात. डॉक्टरांना "कॉर्नेल केली का?" असं विचारायला काहीच हरकत नाही.

एक अवघड प्रश्न घरच्यांनी टाळू नये: "जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर "हो" आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा आवाक्याबाहेर ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा आपत्कालीन विभागात जा.

आता वहीतल्या त्या सोन्याच्या जागेकडे. नैराश्यातला माणूस स्मृतीबद्दल स्वतःच खूप तक्रार करतो. प्रश्न विचारला की प्रयत्न न करताच "माहीत नाही" म्हणतो. पण चार पर्याय दिले किंवा थोडी खूण दिली, की बरोबर उत्तर पुष्कळदा निघतं. स्मृतिभ्रंशात तक्रार बहुतेकदा घरच्यांची असते. माणूस उत्तर देतो, ते चुकीचं असतं, त्यावर तो छान मल्लिनाथी करतो, आणि अडलं की मान वळवून जोडीदाराकडे बघतो. खूण दिली तरी अल्झायमरमध्ये फारसा उपयोग होत नाही, कारण ती गोष्ट आत साठलेलीच नसते.

लेस्ली किलो यांनी १९६१ मध्ये नैराश्यासारख्या मानसिक आजारांतून उद्भवणाऱ्या अशा विसराळूपणावर लेख लिहिला आणि "छद्म-स्मृतिभ्रंश" हा शब्द रूढ झाला. तो थोडा फसवा आहे. त्यातून "म्हणजे खरा नाही, बरा होणार" असा दिलासा मिळतो. पण अशा लोकांवर पुढे काही वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना नंतर खरोखरचा स्मृतिभ्रंश झाल्याचं दिसलं. मग नैराश्यामुळे स्मृतिभ्रंश होतो का? ब्रिटनमधल्या व्हाइटहॉल अभ्यासात दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांची जवळपास तीन दशकांची माहिती होती. २०१७ मध्ये तिचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. मध्यमवयातल्या नैराश्याच्या लक्षणांचा पुढच्या स्मृतिभ्रंशाशी संबंध आढळला नाही. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांच्या लक्षणांत मात्र निदानाच्या साधारण ११ वर्षं आधीपासून फरक दिसू लागला. म्हणजे उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य काही वेळा मेंदूतल्या आजाराची पहिली चाहूल असू शकतं. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पण साठीनंतर आयुष्यात प्रथमच नैराश्य आलं, तर ते बरं झाल्यावरही स्मृतीची तपासणी सोडू नये.

आणखी एक गफलत: औदासीन्य म्हणजे नैराश्य नव्हे. स्मृतिभ्रंशात माणूस तासन्‌तास स्वस्थ बसतो, पण आतून दुःखी नसतो. आवडत्या नातवाने हाताला धरून नेलं की खुशीत जातो. नैराश्यातल्याला नेलं तरी आनंद पोचत नाही.

पाचवी पायरी: क्लिनिकच्या दिवशी

चष्मा, श्रवणयंत्र, वही, औषधांची पिशवी. वेळ सकाळची घ्या, थकवा कमी असतो. आणि घरी चाचणीचा सराव करून घेऊ नका! मामाने मोठ्या प्रेमाने मावशीकडून तारीख आणि वार घोकून घेतले होते. त्यामुळे त्या दिवशी तिला त्या प्रश्नाचे फुकटचे गुण मिळाले आणि डॉक्टरांची दिशाभूल झाली.

स्मृती आणि आकलन मोजणाऱ्या चाचण्यांपैकी एमएमएसई १९७५ ची, ३० गुणांची. मोका २००५ ची, तीही ३० गुणांची. मोकात मूळ अभ्यासानुसार २६ आणि त्यापुढे गुण असतील तर ते ठीक मानतात, आणि १२ वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण झालं असेल तर एक गुण वाढवून देतात. तो एक गुण पुरेसा आहे का, यावर बरीच टीका झाली आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला पेन्सिलने घन काढायला सांगून तिची स्मृती कळत नाही. म्हणून डॉक्टरांना शिक्षण किती झालं ते सांगा आणि चाचणी माणूस घरात बोलतो त्या भाषेत व्हावी असा आग्रह धरा. १९९८ मध्ये सुरू झालेल्या १०/६६ या संशोधनगटाच्या नावातच ही तक्रार आहे. स्मृतिभ्रंश असलेले ६६ टक्के लोक विकसनशील देशांत, आणि संशोधन मात्र तिथे १० टक्क्यांहूनही कमी.

घड्याळाची चाचणी जवळून बघण्यासारखी असते. "गोल काढा, आकडे भरा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." मावशीने गोल सुबक काढला. बारा, तीन, सहा, नऊ आधी टाकले, मग मधले भरले. मला हायसं वाटलं. मग तिने एक काटा अकरावर नेला आणि दुसरा दहावर. दहा मिनिटं म्हणजे दोनच्या आकड्यावर, हे भाषांतर मनात करावं लागतं. समोरचा "दहा" ओढत असतो आणि त्याला थोपवून धरणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम आहे. डॉक्टरांनी त्या कागदावर काही न बोलता तारीख घातली.

रक्ततपासणीत बी-१२, थायरॉइड, सोडियम, कॅल्शियम, साखर, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड आणि यकृत बघतात. मेंदूचं स्कॅन जुने छोटे पक्षाघात, गाठ, साचलेलं रक्त किंवा पाणी शोधायला. पावलं जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नसणं आणि विसराळूपणा ही तिन्ही एकत्र असतील तर आवर्जून सांगा. मेंदूतलं पाणी साचण्याच्या त्या प्रकारावर शस्त्रक्रिया होऊ शकते. नसलेली माणसं किंवा प्राणी स्पष्ट दिसत असतील, झोपेत हातपाय झाडत असतील, अंग ताठरलं असेल, तर तेही न विचारता सांगा. ही लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशाची लक्षणं असू शकतात, आणि त्यात भास थांबवायच्या काही औषधांची गंभीर प्रतिक्रिया येते.

सहावी पायरी: दोन्ही असेल तर

साधारण नियम असा की नैराश्यावर आधी उपचार करायचे, मग स्मृती पुन्हा मोजायची. औषधाचा डोस थोड्यापासून सुरू होतो आणि सावकाश वाढतो. परिणाम दिसायला चार ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सर्ट्रालीन या नैराश्यरोधकाच्या गटातल्या गोळ्यांनी वयस्करांत सोडियम घसरू शकतं, तेव्हा सुरू केल्यावर काही दिवसांनी रक्त तपासायचं का, ते विचारून घ्या.

स्मृतिभ्रंश नसलेल्या किंवा सौम्य असलेल्या ज्येष्ठांत नैराश्याचे उपचार चांगले लागू पडतात. अमेरिकेतल्या इम्पॅक्ट या २००२ च्या चाचणीत साठी ओलांडलेले १,८०१ लोक होते. नेमलेली व्यक्ती सतत पाठपुरावा करते, गोळी किंवा समस्या सोडवण्याचं समुपदेशन यांतलं जमेल ते देते, अशी ती योजना होती. वर्षाअखेर त्या गटातल्या ४५ टक्क्यांची लक्षणं निम्म्याने कमी झाली, तर नेहमीच्या उपचारांत १९ टक्क्यांची. फरक पाडला तो पाठपुराव्याने.

अल्झायमर पक्का झाल्यावर आलेल्या नैराश्यात गोळ्यांचं चित्र निराळं आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ३२६ रुग्णांना सर्ट्रालीन, मिर्टाझापिन किंवा नुसती खोटी, औषध नसलेली गोळी दिली. १३ आठवड्यांनी तिन्ही गट सारखेच सुधारले होते, आणि खऱ्या गोळ्यांचे दुष्परिणाम मात्र जास्त होते. म्हणून अशा वेळी दिवसाची आखणी हाच पहिला उपाय ठरतो: ठरलेल्या वेळी उजेडात फिरणं, आधी आवडायचं त्यातलं एखादं छोटं काम, वेदनांवर उपचार, माणसांची ये-जा. तीव्र नैराश्यात किंवा ते आधीपासूनचं असेल तर औषधाचा निर्णय वेगळा होऊ शकतो, तो डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

टक्केवारीच्या बातम्यांबद्दल थोडं

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी १४ टाळता येण्याजोगी कारणं दिली आहेत. त्यांत कमी शिक्षण, बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा, हवेचं प्रदूषण अशी नावं आहेत. ती सगळी नाहीशी झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा अंदाज आहे. हा आकडा लोकसंख्येचा आहे. तुमच्या वडिलांनी रोज चाललं म्हणून त्यांचा धोका ४५ टक्के कमी होईल, असा त्याचा अर्थ नाही. आणि ज्यांना आजार झाला त्यांनी काहीतरी चुकवलं, असा तर मुळीच नाही. कोडी सोडवणाऱ्या अ‍ॅपने माणूस मुख्यतः कोडी सोडवण्यात पटाईत होतो. आवडत असेल तर जरूर खेळावं.

सातवी पायरी: पुन्हा मोजणं

तीन ते सहा महिन्यांनी तीच चाचणी, जमल्यास त्याच व्यक्तीकडून, त्याच भाषेत, तोच चष्मा लावून. मोकाच्या समांतर आवृत्त्या आहेत, त्यांतली दुसरी वापरायला सांगा. नाहीतर जुने शब्द आठवून गुण वाढतात. एखाद-दुसऱ्या गुणाच्या चढउतारावर आनंदही नको आणि रडारडही नको. वही पुन्हा दोन आठवडे लिहा आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचा.

मावशीच्या दुसऱ्या वहीत पहाटे साडेतीनच्या जागरणाची एकही नोंद नव्हती. शेजारच्या काकूंबरोबर ती दोनदा बाहेर गेली होती. बिलाचा प्रश्न मात्र होता, वीस मिनिटांत दोनदा. घड्याळ तिने पुन्हा काढलं. एक काटा अकरावर गेला, दुसरा दहाकडे निघाला, थबकला आणि तिथेच राहिला. डॉक्टरांनी खाली दुसरी तारीख घातली आणि पुढच्या सहा महिन्यांनंतरची वेळ दिली.